मे महिन्याचं ऊन आणि मार्चचे युनिट

पुण्यात गच्चीवर सौर पॅनेल बसवून वर्ष झालं की अनेक घरांत एक प्रश्न निघतो. मे महिन्यात ऊन सगळ्यांत कडक. दुपारी गच्चीवर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. दिवसही मार्चपेक्षा मोठा. मग मीटरवर मार्चपेक्षा युनिट कमी का? इन्व्हर्टर बिघडला असेल, बसवणाऱ्याने हलका माल दिला असेल, अशा शंका येतात. बहुतेक वेळा यांतलं काहीच खरं नसतं. पायाला चटका देणारं ऊन आणि पॅनेलमधून वीज काढणारं ऊन यांचे हिशेब वेगवेगळे आहेत. अंगाला जाणवणाऱ्या तापावरून ते मांडता येत नाहीत. त्यासाठी ऊन मोजावंच लागतं, आणि ज्या शहरात पॅनेल आहेत त्या शहरात मोजावं लागतं.

वातावरणाच्या बाहेर, सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सरासरी १३६१ वॉट इतकी सौरशक्ती पडते. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, त्यामुळे कमाल आणि किमान आकड्यांत सुमारे ७ टक्क्यांचा फरक पडतो. तिथून जमिनीपर्यंत येताना ओझोन, पाण्याची वाफ, धूळ, धूर आणि ढग आपापला वाटा काढून घेतात. पुण्यात निरभ्र दिवशी भर दुपारी सपाट गच्चीवर ९५० ते १००० वॉट मिळाले तर ते उत्तम ऊन म्हणायचं. दिवसभरातली ही शक्ती तासांच्या हिशेबाने एकत्र केली की किलोवॉट-तास मिळतात, म्हणजे आपल्या वीजबिलातलेच युनिट. भारताच्या बहुतेक भागांत दर चौरस मीटरला रोज ४ ते ७ युनिट ऊन पडतं, असं सरकारी आकडेवारी सांगते. पुण्यात मे महिन्यात ते सातच्या आसपास जातं आणि जुलै-ऑगस्टमध्ये चारच्या आसपास उतरतं.

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या शहरांना सूर्य वेगळा वागवतो. युरोपात हिवाळ्यात सूर्य क्षितिजालगत राहतो आणि दिवस आठ तासांवर येतो, तेव्हा तिथला उन्हाचा वर्षभराचा आलेख मुख्यतः सूर्याच्या उंचीवर ठरतो. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. वातावरणाच्या वर पुण्याच्या अक्षांशावर जूनमध्ये सपाट चौरस मीटरला रोज सुमारे १०.८ युनिट आणि डिसेंबरमध्ये सुमारे ७.३ युनिट येतात, हे साध्या भूमितीने काढता येतं. म्हणजे वर जून डिसेंबरच्या जवळपास दीडपट. जमिनीवर मात्र जुलै-ऑगस्टचे आकडे डिसेंबरच्या बरोबरीला किंवा त्याच्याही खाली येतात. कारण मान्सूनचे ढग. चेन्नईत उन्हाचा तळ नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतो, कारण तिथला मोठा पाऊस परतीच्या वाऱ्यांचा. या शहरांत उन्हाचं वेळापत्रक सूर्य जितकं ठरवतो तितकंच आकाश ठरवतं, आणि आकाश सूत्रात बसत नाही.

मे महिन्याच्या कोड्याचं मुख्य उत्तर मात्र सूत्रातच आहे. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. १३ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. पॅनेल मात्र वर्षभराचा विचार करून दक्षिणेकडे, साधारण अक्षांशाइतके, कललेले असतात. हिशेब केला तर असं दिसतं की मार्चच्या मध्याला अशा पॅनेलवर पडणारं थेट ऊन सपाट जमिनीपेक्षा सुमारे ८ टक्के जास्त असतं, डिसेंबरमध्ये तर सुमारे ३३ टक्के जास्त, आणि मेच्या मध्याला सुमारे ११ टक्के कमी. सकाळी आणि संध्याकाळी मे महिन्यातला सूर्य पूर्व-पश्चिम रेषेच्या उत्तरेला असतो, तेव्हा तो दक्षिणेकडे झुकलेल्या काचेवर अगदी तिरपा पडतो किंवा तिच्या पाठीमागेच असतो. मोठ्या दिवसाचा फायदा असा निसटतो. त्यात वळवाचे ढग दुपारनंतर जमतात आणि हवेत धूळ असते. उष्णतेचाही वाटा आहे, पण लोक समजतात त्याहून तो लहान आहे. त्याकडे पुढे येतो.

ऊन मोजायचं सर्वांत सुंदर साधन म्हणजे काचेचा गोळा. जॉन फ्रान्सिस कॅम्पबेल यांनी १८५३ मध्ये ती कल्पना मांडली आणि १८७९ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी तिला आजचं रूप दिलं. साधारण दहा सेंटिमीटर व्यासाच्या भरीव गोळ्यातून सूर्यकिरण मागच्या खास कागदी पट्टीवर एकवटतात आणि सूर्य सरकत जाईल तशी पट्टीवर जळकी रेघ उमटते. ढग आला की रेघ तुटते. संध्याकाळी पट्टी काढायची, रेघेची लांबी मोजायची, आणि आज किती तास सूर्यप्रकाश होता ते लिहायचं. वेधशाळांनी पिढ्यान्‌पिढ्या अशा पट्ट्या जपल्या. या यंत्राला वीज लागत नाही, त्यात काही फिरत नाही, बिघडण्यासारखं काही नाही. पण ते फक्त वेळ सांगतं, ताकद सांगत नाही. दमट सकाळी किरण मंद असले की पट्टी जळतच नाही. तुटक ढगांच्या दिवशी एकेका झळाळीने मोठा डाग पडतो आणि तास प्रत्यक्षाहून जास्त भरतात.

या तासांवरून ऊर्जा काढण्याची वाट स्वीडनच्या अँडर्स ऑंगस्ट्रॉम यांनी १९२४ मध्ये दाखवली आणि १९४० मध्ये प्रेस्कॉट यांनी तिला सोपं रूप दिलं. दिवसाच्या शक्य तासांपैकी प्रत्यक्ष किती तास सूर्य दिसला, या गुणोत्तराला दोन स्थिरांक जोडले की जमिनीवर पोहोचलेल्या उन्हाचा अंदाज येतो. स्थानिक मोजमाप नसेल तेव्हा सर्रास वापरले जाणारे स्थिरांक ०.२५ आणि ०.५० आहेत. म्हणजे दिवसभर सूर्य दिसलाच नाही तरी वरच्या उन्हाचा चौथा हिस्सा खाली येतो, आणि दिवसभर लख्ख असेल तर तीन चतुर्थांश. पण हे स्थिरांक गावागणिक, ऋतूगणिक बदलतात. मुंबईच्या दमट हवेसाठी काढलेले आकडे नागपूरच्या मार्चला चालत नाहीत. ते ठरवायला तिथे निदान काही वर्षं खरं मोजमाप झालेलं असावं लागतं. एकंदर, अंदाजाचं सूत्र वापरण्यासाठीही आधी मोजणारं यंत्र हवंच.

ते यंत्र म्हणजे पायरॅनोमीटर. वरून पाहिलं तर काचेचे एकात एक दोन घुमट आणि आत एक काळी चकती. चकतीखाली शेकडो नसले तरी बरेच थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंचे सांधे, साखळीने जोडलेले असतात. काळा पृष्ठभाग उन्हाने तापतो, यंत्राचं जड धातूचं अंग तुलनेने गार राहतं, आणि या फरकातून अगदी बारीक विद्युतदाब तयार होतो. दर वॉटमागे साधारण दहा मायक्रोव्होल्ट. भर दुपारच्या हजार वॉटलाही जेमतेम दहा मिलिव्होल्ट मिळतात. काच कुठल्या तरंगलांबीचे किरण आत सोडते हे महत्त्वाचं, कारण त्यामुळे जमिनीवर येणारं जवळजवळ सगळं ऊन मोजलं जातं आणि आकाशाची, इमारतींची स्वतःची उष्णता बाहेर राहते. पायरॅनोमीटर सपाट ठेवला की सगळ्या आकाशातून येणारं एकूण ऊन मिळतं. त्यावर सूर्यासोबत फिरणाऱ्या एका चेंडूची किंवा कड्याची सावली कायम पडू दिली की फक्त विखुरलेलं ऊन उरतं. आणि सूर्याकडे रोखून धरलेल्या, फक्त पाच अंशांचा आकाशाचा तुकडा पाहणाऱ्या नळीला पायरहेलिओमीटर म्हणतात. ती थेट ऊन मोजते. थेट, विखुरलेलं आणि एकूण ही तीन मोजमापं एकमेकांना तपासतात. भूमितीने जोडून बेरीज जुळली नाही तर कुठलं तरी यंत्र खोटं बोलतंय हे लगेच समजतं.

विखुरलेल्या उन्हाला आपण सहसा ऊन म्हणतच नाही. पण जुलैमधल्या पुण्यात किंवा मुंबईत गच्चीवर येणाऱ्या ऊर्जेतला निम्म्याहून मोठा वाटा त्याचाच असतो. आपले साधे सिलिकॉनचे पॅनेल ते वापरतात. आरशांनी ऊन एकवटवून वाफ करणारी यंत्रणा ते वापरू शकत नाही. तिला सूर्याची ठळक तबकडी लागते. म्हणून धुरकट, ढगाळ, दमट शहरात कुठलं तंत्रज्ञान चालेल हे ठरवायला नुसतं एकूण ऊन पुरत नाही. त्यातलं थेट किती हेही माहीत हवं. पावसाळ्यात तुटक ढगांच्या कडा आणखी एक प्रकार करतात. सूर्य मोकळा असताना बाजूच्या पांढऱ्या ढगावरून उजेड परतून येतो आणि क्षणभर गच्चीवर निरभ्र दिवसापेक्षाही जास्त ऊन पडतं. तासाच्या सरासरीत ही उसळी दिसत नाही. मिनिटाच्या नोंदीत दिसते, आणि इन्व्हर्टरची क्षमता ठरवताना ती कामाला येते.

या सगळ्या यंत्रांचं भारतातलं माहेर पुणं आहे. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस पुणेकरांना पत्त्यापुरतं माहीत असतं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं म्हणून ते नाव. त्रावणकोरमधल्या पीरमेडला १९१८ साली जन्मलेल्या ॲना मणी बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्या-माणकांच्या प्रकाशावर काम करून, पुढे लंडनला हवामानाची उपकरणं शिकून १९४८ मध्ये या खात्यात पुण्यात रुजू झाल्या. तेव्हा साधी हवामान उपकरणंही बाहेरून मागवावी लागत. मणी यांनी शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले आणि ती देशात बनवायला लावली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी देशभर प्रारण, म्हणजे ऊन आणि उष्णतेचे किरण, मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं. चुकीचं मोजमाप हे मोजमाप नसण्याहून वाईट, अशी त्यांची भूमिका होती. निवृत्तीनंतर १९८० मध्ये त्यांनी भारतातल्या सौर प्रारणाच्या आकडेवारीचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्याच्यावर पुढच्या कित्येक अभियंत्यांनी पाणी तापवणाऱ्या बंबांपासून वीजकेंद्रांपर्यंतचे हिशेब केले. सौरऊर्जेचं धोरण यायच्या कितीतरी आधी एका बाईने त्याचा पाया मोजून ठेवला होता. शाळेच्या पुस्तकांत त्यांचं नाव असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हवामान खात्याचं पुण्यातलं केंद्र जागतिक हवामान संघटनेचं विभागीय प्रारण केंद्रही आहे. त्याचा अर्थ समजायला स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसकडे पाहावं लागतं. जगातल्या उन्हाचं माप तिथे ठेवलेलं आहे. तिथली मूळ यंत्रं म्हणजे काळी पोकळी असलेले प्रारणमापक. पोकळीत सूर्य आत घ्यायचा, ती किती तापते ते पाहायचं, मग झाकण लावून तितकीच उष्णता विजेने द्यायची आणि ती वीज मोजायची. ऊन अशा रीतीने थेट विजेच्या मापात उतरतं. दर पाच वर्षांनी वेगवेगळ्या देशांतली प्रमाण यंत्रं दाव्होसला एकत्र येतात आणि एकाच सूर्याकडे रोखून ताडून पाहिली जातात. पुण्याचं प्रमाण यंत्र त्या माळेतलं, आणि देशातली इतर यंत्रं पुण्याशी ताडलेली. एखाद्या गावातल्या यंत्राने ८३७ वॉट दाखवले तर त्या आकड्यामागे अशी साखळी असावी लागते. ती नसेल तर तो नुसता आकडा असतो.

इथपर्यंत वरून येणाऱ्या उन्हाबद्दल बोललो. गच्ची किती तापते आणि पॅनेल किती गरम होतात हे कळायला निव्वळ प्रारण मोजावं लागतं, आणि तो सरळ जमाखर्च आहे. जमेला दोन रकमा: सूर्याकडून येणारं ऊन आणि आकाशाकडून येणारी अदृश्य उष्णता. खर्चालाही दोन: परत फेकलेलं ऊन आणि तापलेल्या पृष्ठभागाने स्वतः सोडलेली उष्णता. म्हणून निव्वळ प्रारणमापकात चार डोळे असतात, दोन वर पाहणारे, दोन खाली. काचेच्या घुमटाचे दोन ऊन मोजतात. सिलिकॉनच्या झाकणाचे दोन उष्णतेचे लांब किरण मोजतात.

एप्रिलच्या दुपारी सिमेंटच्या स्लॅबचं एक उदाहरण घेऊ. ऊन ९५० वॉट. स्लॅब त्यातलं पाव परतवतो, म्हणजे सुमारे ७१० वॉट आत मुरतात. आकाशाकडून साधारण ३९० वॉट उष्णता येते. स्लॅब ६० अंशांवर तापला असेल तर तो ६६० वॉटच्या आसपास वर सोडतो. बाकी उरते सव्वाचारशे ते साडेचारशे वॉट, आणि ती खालच्या खोलीकडे आणि गच्चीवरच्या हवेकडे जाते. तोच स्लॅब चांगल्या पांढऱ्या रंगाने रंगवला आणि त्याने ७० टक्के ऊन परतवलं तर आत मुरणारं ऊन २८५ वॉटवर येतं, स्लॅब वीसेक अंशांनी गार राहतो, आणि शिल्लक दीडशेच्या आसपास येते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हा फरक रात्री झोपताना समजतो. ताजा डांबरी रस्ता दहा टक्केही ऊन परतवत नाही, म्हणून तो संध्याकाळी उशिरापर्यंत आच देत राहतो. दमट हवेत आकाशाकडून येणारी उष्णताही वाढते, आणि मुंबईच्या रात्री पुण्यासारख्या गार का होत नाहीत याचं एक मोठं कारण याच रकमेत आहे.

हा जमाखर्च सौरऊर्जेच्या कामाचा आहे, आणि इथे मेच्या उष्णतेकडे परत येतो. पॅनेलच्या पाठीवर लिहिलेली क्षमता आतल्या सिलिकॉनच्या पेशी २५ अंशांवर असताना आणि ऊन १००० वॉट असतानाची आहे. पुण्यातल्या दुपारी पेशी साठ-पासष्ट अंशांना सहज पोहोचतात. सिलिकॉनची क्षमता दर अंशामागे साधारण ०.३५ ते ०.४५ टक्क्यांनी घटते, तेव्हा १२ ते १८ टक्के वीज दुपारी उष्णतेपोटीच जाते. पण ती मेमध्ये जाते तशी मार्चमध्येही जाते. पुण्यात त्या दोन महिन्यांच्या दुपारच्या तापमानात फारसा फरक नसल्यामुळे दोन्हींमधला फरक एखाद-दोन टक्क्यांचा. उष्णता वर्षभराचा कर आहे, मे महिन्याचा दंड नाही. पॅनेल आणि स्लॅब यांच्यामध्ये हात-दीड हात मोकळी जागा ठेवून वारा खेळू दिला तर हा कर थोडा कमी होतो. पांढऱ्या गच्चीचा तर दुहेरी उपयोग आहे: पॅनेलभोवतीची हवा गार राहते, आणि हल्ली मिळणारे दोन्ही बाजूंनी ऊन घेणारे पॅनेल असतील तर परतलेलं ऊन त्यांच्या पाठीला मिळतं. अशा पॅनेलसाठी खाली पाहणारा पायरॅनोमीटर हे चैनीचं यंत्र राहत नाही.

आता शहराच्या हवेबद्दल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी देशातल्या १२ केंद्रांच्या १९८१ ते २००४ च्या नोंदी तपासल्या. जमिनीवर पोहोचणारं ऊन दर वर्षी दर चौरस मीटरला सरासरी ०.८६ वॉटने कमी होत गेल्याचं त्यांना दिसलं. चोवीस वर्षांत तो फरक वीस वॉटच्या घरात जातो. सूर्य मंदावला नव्हता. मधली हवा गढूळ झाली होती. ही गोष्ट कळली ती मणी यांच्या काळापासून सांभाळलेल्या यंत्रांमुळे. त्या नोंदी खंडित झाल्या असत्या तर आज आपण अंदाज बांधत बसलो असतो. कर्कवृत्ताच्या पलीकडच्या दिल्लीत २०१६-१७ च्या मोजमापांवरून असं निघालं की हवेतल्या बारीक कणांमुळे पॅनेलवरचं ऊन वर्षभरात सुमारे १२ टक्क्यांनी घटतं. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तिथली हवा निवळली तेव्हा महिनाअखेरीला आधीच्या वर्षांपेक्षा सुमारे ८ टक्के जास्त ऊन नोंदलं गेलं. धूर कमी केला तर वीज वाढते, याचा याहून सरळ पुरावा मिळणं कठीण. मुंबई-पुण्याची हवा सुधारण्याच्या खर्चाचा हिशेब मांडताना गच्चीवरचे हे वाढीव युनिट त्यात धरले जावेत.

मोजण्याचा सोपा मार्ग म्हणून उपग्रहाकडे बोट दाखवलं जातं. २०१३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डी सारख्या उपग्रहांच्या चित्रांवरून जमिनीवरचं ऊन काढलं जातं, आणि महिन्याच्या सरासरीपुरता तो आकडा बऱ्यापैकी उपयोगी असतो. पण उपग्रह वर परतणारा उजेड पाहतो आणि खाली पोहोचणारा उजेड गणिताने काढतो. ढगाखालची धूळ, गल्लीतला धूर त्याला धड दिसत नाही. शिवाय मापाचा चौकोन किती मोठा हेही पाहावं लागतं. फुकट मिळणाऱ्या काही जागतिक संचांत सौर प्रारणाचा चौकोन एक अक्षांश आणि एक रेखांशाचा असतो, म्हणजे बाजू शंभर किलोमीटरहून मोठी. १८ ते १९ अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांश हा चौकोन नकाशावर काढून पाहावा. त्यात खोपोली येते, लोणावळा येतं आणि पुणंही येतं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, पुण्यात सातशेच्या आसपास. या तिघांच्या जुलैमधल्या उन्हाची एक सरासरी काढली तर ती सह्याद्रीच्या कुठल्याच बाजूच्या गच्चीला लागू पडत नाही. तरीही असे आकडे घेऊन बनवलेली कोटेशन लोकांच्या हातात पडतात. कोटेशन देणाऱ्याला, हा उन्हाचा आकडा कुठून आणला, असं प्रत्येकाने विचारावं.

जमिनीवरची केंद्रंही वाढली आहेत. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने २०११ मध्ये पहिल्या टप्प्यात ५१ सौर प्रारण केंद्रं उभारली आणि पुढे ही संख्या शंभराच्या वर गेली. ती मोठ्या सौर प्रकल्पांच्या गरजा समोर ठेवून उभी राहिली. त्या वेळी ते योग्यच होतं. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेने एक कोटी घरांचं लक्ष्य ठेवलं आहे, ३ किलोवॉटसाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि सौरऊर्जा माळरानावरून सोसायटीच्या गच्चीवर आली आहे. मुंबईच्या गच्च्यांवर सुमारे १,७२० मेगावॉट बसू शकतात, असा अंदाज आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात निघाला होता. किलोवॉटमागे वर्षाला १,४०० युनिट धरले तर ते २४० कोटी युनिट होतात. उन्हाचा आकडा ५ टक्क्यांनी चुकला तर १२ कोटी युनिटांची चूक. इतक्या मोठ्या रकमेच्या तुलनेत शहरात आठ-दहा चांगले पायरॅनोमीटर बसवून ते सांभाळण्याचा खर्च किरकोळ आहे. हवेच्या प्रदूषणासाठी दिल्ली, पुणे, मुंबईत ‘सफर’चं जाळं उभं राहिलं आणि लोक ते आकडे पाहायला शिकले. उन्हासाठी तसंच व्हायला हवं, आणि त्यासाठी नवं काही शोधून काढायची गरज नाही.

शहरात मोजताना जागेची अडचण मोठी. यंत्राला चारही बाजूंनी मोकळं आकाश हवं, पण शहरातल्या पॅनेलच्या वाट्याला तसं आकाश क्वचितच येतं. शेजारची टोलेजंग इमारत फक्त सूर्य अडवत नाही, आकाशाचा मोठा तुकडाही झाकते, आणि पावसाळ्यात अर्ध्याहून जास्त ऊर्जा त्या आकाशातूनच यायची असते. पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी एकापाठोपाठ जोडलेल्या सगळ्या पेशींचा प्रवाह अडतो. म्हणून शहरात दोन प्रकारचं मोजमाप हवं: मोकळ्या उंच जागी उत्तम दर्जाचं, आणि प्रत्यक्ष गच्च्यांवर पॅनेलच्याच कलात ठेवलेलं साधं, स्वस्त. दुसऱ्यासाठी सिलिकॉनची छोटी प्रमाण पेशी पुरते. ती पॅनेलसारखीच उजेड घेते, तेव्हा पॅनेलने किती वीज द्यायला हवी होती हे तिच्याकडून चांगलं कळतं.

यंत्र बसवून विसरून जाणं हा या क्षेत्रातला नेहमीचा रोग आहे. घुमटावर धूळ बसली, कबुतराने घाण केली, पातळीचा बुडबुडा सरकला, की आकडे हळूहळू खाली जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही. घुमट रोज सकाळी मऊ कापडाने पुसावा, दर मिनिटाची सरासरी साठवावी, घड्याळ बरोबर ठेवावं, आणि दोन वर्षांतून एकदा यंत्र प्रमाणाशी ताडून घ्यावं. रात्री पायरॅनोमीटर शून्याच्या खाली दोन-चार वॉट दाखवतो. घुमट थंड आकाशाकडे उष्णता गमावतो म्हणून तसं होतं. तो दोष समजून कुणी आकडे खोडू नयेत.

सोसायटीला स्वतःपुरतं एवढं सगळं करायची गरज नाही. दोन प्रमाण पेशी शेजारी शेजारी, पॅनेलच्या कलात बसवाव्यात. एक रोज पुसायची, दुसरी पॅनेलसोबतच मळू द्यायची. दोघींच्या आकड्यांतला फरक म्हणजे धुळीने खाल्लेली वीज. आयआयटी गांधीनगरमधल्या अभ्यासात काही आठवडे न पुसलेले पॅनेल पुसल्यावर उत्पादन जवळपास निम्म्याने वाढलं होतं. आपल्या गच्चीवर ते किती, हे गावाची धूळ, जवळचं बांधकाम आणि रस्ता यांवर ठरतं, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नये. फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत हा फरक किती दिवसांत ५ टक्क्यांवर जातो ते पाहावं, तितक्या युनिटांची किंमत काढावी, ती धुण्याच्या मजुरीपेक्षा आणि पाण्याच्या खर्चापेक्षा जास्त झाली की माणूस बोलवावा. जूननंतर हे काम बरंचसं पाऊसच करतो. धुणं सूर्योदयाच्या सुमारास व्हावं, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकण्याची भीती असते. आणि बोअरवेलचं जड पाणी वापरलं तर शेवटचा हात साध्या मऊ पाण्याचा मारावा, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि धुळीइतकंच ऊन अडवतात.